डॅरिन मॉर्गनचे एक्स-फाइल्स एपिसोड: कुठून सुरू करायचे, कसे बघायचे

एक्स-फाइल्स म्हणजे मल्डर आणि स्कली हे दोन एफबीआय एजंट विचित्र, न उलगडलेल्या केसेसचा तपास करतात ती अमेरिकन सिरियल, तिचे सगळे मिळून २१८ एपिसोड आहेत आणि त्यातले लेखक म्हणून डॅरिन मॉर्गनच्या नावावर किती, तर सहा. चार १९९५-९६ मधले, मग वीस वर्षांनी सिरियल परत आली तेव्हा २०१६ ला एक आणि २०१८ ला एक. वर मिलेनियम नावाच्या दुसऱ्या सिरियलचे दोन. म्हणजे आठ एपिसोड, प्रत्येक पाऊण तासाचा, सहा तासांत अख्खा माणूस बघून होतो. आणि एवढ्याशा कामावर याचं नाव टीव्हीच्या सगळ्यात भारी लेखकांमध्ये घेतलं जातं, ते उगाच नाही.

पण होतं काय की लोक कुठलीतरी टॉप टेन यादी बघतात, त्यात होजे चंग वाला एपिसोड वरती दिसतो, तो डायरेक्ट लावतात आणि वीस मिनिटांत बंद करतात. हे काय चाललंय, कोण बोलतंय, एलियन सिगरेट का ओढतोय. बरोबरच आहे त्यांचं. मॉर्गनची सगळी गंमत एक्स-फाइल्सच्या गंभीर चेहऱ्यावर उभी आहे, तो चेहरा आधी ओळखीचा नसेल तर हा कुणाची टर उडवतोय तेच कळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा, आणि खाली जो देतोय तो ब्रॉडकास्टचा क्रम नाहीये, मुद्दाम थोडा बदललाय.

आधी साधे एपिसोड बघायचे. तीन-चार पुरे. पहिल्या सीझनचा तिसरा, स्क्वीझ, त्यात माणसाचं यकृत खाणारा एक प्राणी आहे, अरुंद फटीतून अंग आवळून आत शिरतो. हा ग्लेन मॉर्गन आणि जेम्स वाँगने लिहिलाय, आणि ग्लेन म्हणजे डॅरिनचा मोठा भाऊ, त्याच्यामुळेच हा या सिरियलमध्ये आला. मग पहिल्याच सीझनचा तेरावा, बियाँड द सी, हाही त्याच जोडीचा. मृत्युदंडाची वाट बघत असलेला एक कैदी म्हणतो मला मेलेल्या लोकांचं ऐकू येतं, आणि इथे नेहमीच्या उलट मल्डर संशय घेतो आणि स्कलीला विश्वास ठेवावासा वाटतो. हा चुकवू नका, का ते पुढे येईलच. नंतर दुसऱ्या सीझनचा दुसरा, द होस्ट, गटारात राहणारा अर्धा माणूस अर्धा जंत. त्या रबरी सूटच्या आत जो माणूस आहे तो खुद्द डॅरिन मॉर्गन. लेखक व्हायच्या आधी त्याने या सिरियलमध्ये केलेलं काम हे, गटारातला राक्षस. आणि शेवटी दुसऱ्याच सीझनचा पाचवा, ड्वेन बॅरी, एलियननी पळवून नेलेल्या माणसाची गोष्ट, एकदम ताणलेली, विनोदाचा लवलेश नाही.

हे चार बघितले की तुम्हाला साचा कळतो. सुरुवातीला कुणीतरी विचित्र पद्धतीने मरतं, टायटल येतं, मल्डर म्हणतो एलियन किंवा राक्षस, स्कली म्हणते शास्त्रीय कारण असणार, शेवटी मल्डर बहुतेक बरोबर निघतो पण पुरावा हातात राहत नाही. मॉर्गनने या साच्यातला एकेक खिळा काढून बघितलाय की हा काढला तर काय होतं.

आता सुरुवात. पहिला त्याचा जो एपिसोड बघायचा तो हम्बग नाही, जरी तो त्याने पहिला लिहिला असला तरी. पहिला बघायचा क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोज, तिसरा सीझन, चौथा एपिसोड, ऑक्टोबर १९९५. कुणीतरी ज्योतिषी आणि भविष्य सांगणाऱ्यांचे खून करत सुटलंय, आणि क्लाइड ब्रकमन नावाचा म्हातारा विमा एजंट आहे ज्याला खरोखर भविष्य दिसतं, पण फक्त एकच गोष्ट दिसते, समोरचा माणूस कसा मरणार. लॉटरीचा नंबर नाही, काही नाही, मरण. आणि हा माणूस विमा विकतो! पीटर बॉयलने हा म्हातारा इतका कंटाळलेल्या, थकलेल्या आवाजात केलाय की त्याला त्या वर्षी पाहुण्या कलाकाराचं एमी, म्हणजे टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं, आणि मॉर्गनला लेखनाचं.

हा बघताना एक काम करा. ब्रकमन जे जे सांगतो ते लक्षात ठेवा, अगदी फालतू वाटलं तरी. तो मल्डरला काहीतरी सूचक सांगतो, स्कलीला दोन-तीन गोष्टी सांगतो, खुन्याबद्दल सांगताना त्याला एक पाय पडलेला पाय दिसतो (पाय म्हणजे तो खायचा, गोड, क्रीमवाला, त्यात पाय पडतो, आता वाक्यच तसं झालं त्याला मी काय करू). यातलं बरंचसं खरं होतं पण तुम्ही समजला होतात तसं नाही. स्कली त्याला विचारते मी कशी मरेन, आणि तो दोन शब्दांत उत्तर देतो, ते उत्तर नीट ऐकून ठेवा कारण त्याचा हिशेब वीस वर्षांनी २०१६ मध्ये निघणारे. आणि आता बियाँड द सी आठवा. तिथेही मरणाच्या दारातला एक माणूस, त्याला पलीकडचं दिसतं, स्कली त्याच्यासमोर बसलेली. तिथे ती भीती आहे. इथे तीच परिस्थिती, पण एक एकटा म्हातारा आहे ज्याला सगळं आधीच माहिती असल्यामुळे कशातच काही वाटेनासं झालंय. तो स्वतःच्या मरणाचं स्वप्न सांगतो, शरीर कसं हळूहळू मातीत विरघळतं ते, एवढं शांतपणे सांगतो की हसू येता येता थांबतं. माझ्या मते मॉर्गन आठही एपिसोडमध्ये हीच एक गोष्ट लिहितो, एकटं असणं. केस सुटते की नाही याच्याशी त्याला फार घेणंदेणं नाही, म्हणून तुम्हीही खुनी कोण याच्यामागे लागू नका, तो तर तुम्हाला सुरुवातीलाच दाखवून टाकलेला असतो.

एक छोटं प्रकरण, या एपिसोडमध्ये एका बाईचं कुत्रं स्कलीकडे येतं. छोटंसं, गोंडस. लक्षात ठेवा त्याला.

दुसरा, वॉर ऑफ द कोप्रोफेजेस, तिसरा सीझन, बारावा एपिसोड. एका गावात झुरळांमुळे माणसं मरतायत असं वाटतंय, गावाचं नाव मिलर्स ग्रोव्ह, आणि हे नाव म्हणजे ऑर्सन वेल्सच्या १९३८ च्या मंगळवासीयांच्या रेडिओ नाटकाला मारलेला डोळा आहे, तिथे ते उतरतात ते गाव ग्रोव्हर्स मिल. गाव घाबरतं कसं, अफवा पसरते कशी, हा खरा विषय. पण मजा कुठे आहे सांगू का, फोनवर. मल्डर तिकडे एकटा अडकलाय आणि स्कली घरी सुट्टीवर, कुत्र्याला अंघोळ घालतीये, आईस्क्रीम खातीये, पिस्तूल साफ करतीये, आणि दर वेळी मल्डर फोन करून सांगतो की झुरळांनी अजून एकाला मारलं, ती बसल्या जागेवरून शास्त्रीय कारण सांगते, आणि दर वेळी तीच बरोबर निघते. साच्याचा पहिला खिळा निघाला. हा एपिसोड मोठ्या स्क्रीनवर बघा, लॅपटॉपवर पण चालेल, पण मोबाईलवर नको, आणि मध्येच स्क्रीनवर झुरळ फिरलं तर टीव्हीला चप्पल मारू नका. एवढंच सांगतो. तसा चौघांतला हा सगळ्यात हलका, डोकं लावायची गरज नाही.

आता हम्बग. दुसरा सीझन, विसावा एपिसोड, मार्च १९९५. फ्लोरिडातल्या गिब्सनटन गावात गोष्ट घडते, आणि हे गाव खरंच आहे, सर्कस आणि जत्रेत खेळ करणारे लोक हंगाम नसताना तिथे येऊन राहायचे. जिम रोझ आणि द एनिग्मा हे दोघं खरेखुरे सर्कसवाले यात काम करतात. हा मी तिसरा ठेवलाय कारण १९९५ मध्ये लोक हादरले ते एक्स-फाइल्समध्ये विनोद कसा काय म्हणून, तो धक्का आज कुणाला बसत नाही, आणि पहिलाच हा लावला तर आजच्या प्रेक्षकाला वाटू शकतं की वेगळ्या शरीराच्या माणसांना हसायला बोलावलंय. तसं नाहीये. हॉटेलच्या मॅनेजरचा सीन बघा. मल्डर त्या बुटक्या मॅनेजरला विचारतो तुम्ही सर्कसमध्ये होता का, तो माणूस चिडतो, मल्डरला सांगतो की तुमच्या चेहऱ्यावरून, दुर्मुखलेल्या भावावरून आणि टायवरून मी पण ठरवू शकतो की तुम्ही एफबीआय एजंट आहात, पण माणसाला असं साच्यात बसवणं किती वाईट, आणि मल्डर म्हणतो, पण मी एफबीआय एजंटच आहे. आता यात नक्की कोण जिंकलं? मॉर्गनला दोन्ही बाजूंना चिमटा काढायचाय. आणि सगळ्यात शेवटी मल्डर नुसता उभा राहतो, काही बोलत नाही, पोज देऊन, तेव्हा त्याच्याबद्दल कोण काय बोलतंय ते ऐका.

मग येतो तो, होजे चंग्ज फ्रॉम आऊटर स्पेस, तिसरा सीझन, विसावा एपिसोड, एप्रिल १९९६. याला वेळ द्या. जेवता जेवता बघायचा हा नाही, आणि फोन बाजूला ठेवा.

गोष्ट अशी, होजे चंग नावाचा एक लेखक एलियन अपहरणावर पुस्तक लिहितोय आणि स्कलीची मुलाखत घेतोय. स्कली सांगते की अमुक मुलीने काय सांगितलं, त्या मुलीने संमोहनात काय सांगितलं, मग दुसऱ्याने काय सांगितलं, मग एका हवाई दलाच्या माणसाने काय सांगितलं. म्हणजे तुम्ही जे बघताय ते एकाने दुसऱ्याला सांगितलेलं तिसऱ्याने ऐकलेलं आहे, आणि कुणावरच भरवसा नाही. म्हणून बघायची पद्धत अशी, सीन बदलला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, हे आत्ता कोण सांगतंय? उत्तर सापडलं की सगळं सरळ होतं. उदाहरणार्थ मल्डर एका सीनमध्ये प्रेत बघून बारीक आवाजात किंचाळतो. मल्डर असा किंचाळेल का? नाही. पण ते सांगतोय कोण, एक एलियनवेडा पोरगा ज्याला मल्डर आणि स्कली दोघंही माणसं नसून काहीतरी भयंकर आहेत असं वाटतंय. हॉटेलचा आचारी सांगतो की मल्डर एकामागून एक रताळ्याच्या पायचे तुकडे खात बसला होता आणि दर तुकड्यामागे एक प्रश्न विचारत होता, तिथे परत मल्डरचं स्वतःचं म्हणणं वेगळं. अजून एक, पोलीस डिटेक्टिव्ह जिथे शिवी देणार तिथे ब्लीप असा शब्दच बोलला जातो, कारण स्कली ते सभ्यपणे सांगतीये. त्या डिटेक्टिव्हचं आडनाव मॅनर्स, आणि ते किम मॅनर्स या दिग्दर्शकावरून घेतलंय जो सेटवर भरपूर शिव्या द्यायचा. हम्बग आणि झुरळांचा एपिसोड त्यानेच दिग्दर्शित केलेत. हा मात्र रॉब बोमनचा.

पहिलाच शॉट बघा, मोठ्ठं यान डोक्यावरून जातंय असं वाटतं, जवळ गेलं की ती विजेच्या खांबावर काम करणाऱ्या माणसाची पाळणागाडी निघते. पंधरा सेकंदात अख्ख्या एपिसोडचं म्हणणं सांगून मोकळा. मध्ये एलियनच्या शवविच्छेदनाचा व्हिडिओ येतो तोही नीट बघा, कारण १९९५ मध्ये फॉक्स चॅनेलने खरंच असं एक फिल्म फुटेज अस्सल असू शकतं म्हणून दाखवलं होतं, आणि एक्स-फाइल्स पण फॉक्सचीच. म्हणजे हा ज्या चॅनेलचा पगार घेतोय त्याच चॅनेलवर त्याच चॅनेलची खिल्ली. लॉर्ड किनबोट नावाचा तिसरा एलियन आहे, त्याचं नाव नाबोकोव्हच्या पेल फायर कादंबरीमधल्या भरवसा न ठेवण्यासारख्या निवेदकाचं आहे, हे माहिती नसलं तरी काही अडत नाही.

हा एपिसोड दोनदा बघा. दुसऱ्यांदा लगेच नको, थोडे दिवस जाऊ द्या. पहिल्या वेळी हसू येतं, दुसऱ्या वेळी शेवटचा मिनिट-दीड मिनिट जो आहे, ज्यात प्रत्येक जण पुढे काय करतोय ते होजे चंगचा आवाज सांगत जातो, तो लागतो. चंगचं काम चार्ल्स नेल्सन रायलीने केलंय आणि तो माणूस एवढा आनंदात काम करतोय की दुसऱ्या कुणाला त्या जागी बसवून बघता येत नाही.

इथे थांबून एक उपएपिसोड, तिसऱ्याच सीझनचा बाविसावा, क्वॅगमायर. लेखिका म्हणून नाव किम न्यूटनचं आहे, पण मल्डर आणि स्कली रात्री तळ्यातल्या एका खडकावर अडकतात आणि नुसतं बोलत बसतात तो लांबलचक सीन मॉर्गनच्या हातचा मानला जातो. बघितल्यावर शंका राहत नाही. आणि ते कुत्रं आठवतंय ना, त्याचा हिशेब इथे होतो. कुत्रेप्रेमींनी मन घट्ट करून बसा.

मिलेनियमचे दोन एपिसोड अख्खी सिरियल न बघता बघता येतात, फक्त एवढं माहिती हवं की फ्रँक ब्लॅक हा लॅन्स हेन्रिक्सनने केलेला एक अत्यंत गंभीर, उदास माणूस आहे ज्याला खुन्याच्या डोळ्यातून दिसतं. दुसऱ्या सीझनमध्ये होजे चंग्ज डूम्सडे डिफेन्स आहे, १९९७ चा, तोच चंग, तोच नट, फक्त जग जास्त काळोखं, आणि एका बनावट आनंदी पंथाची चंपी. ठीक आहे, चंग आवडला असेल तर बघाच. पण खरा ऐवज म्हणजे समहाऊ, सेटन गॉट बिहाइंड मी, मे १९९८. चार म्हातारे सैतान रात्री डोनटच्या दुकानात कॉफी पीत बसलेत आणि एकमेकांना कामाच्या तक्रारी सांगतायत, हल्लीची माणसं बिघडवायला मजाच येत नाही वगैरे. चार सैतान, चार किस्से. त्यातला एक सैतान एका साध्या नोकरदार माणसाला काहीच करत नाही, रोजचं तेच तेच जगणं त्याच्यासमोर ठेवतो, बस. तो किस्सा आत्महत्येकडे जातो, म्हणून सध्या मन जड असेल तर हा एपिसोड नंतरसाठी ठेवा. फ्रँक ब्लॅक या चौघांच्याही गोष्टीत येऊन जातो, आणि तो जे एकच वाक्य बोलतो ते काय होतं हे शेवटी कळतं. दोन्ही मॉर्गननेच दिग्दर्शित केलेत.

आता २०१६. मल्डर अँड स्कली मीट द वेअर-मॉन्स्टर, दहावा सीझन, तिसरा एपिसोड. हा शेवटाकडे बघायचं कारण असं की यात जुन्या खुणा जागोजागी पेरल्यात. स्कली सहज एक वाक्य बोलते की मी अमर आहे, क्लाइड ब्रकमन न बघता हे ऐकलं तर तो एक टाइमपास डायलॉग आहे, बघून ऐकलं तर अंगावर काटा येतो. स्मशानात एका थडग्यावर किम मॅनर्सचं नाव आहे, तो २००९ मध्ये गेला. कुत्रं पण आहे, नवीन. गांजा ओढणारी दोन पोरं झुरळांच्या एपिसोडमध्ये आणि क्वॅगमायरमध्ये दिसली होती, ती दोघंही इथे परत, वीस वर्षांनी, तशीच. मूळ गोष्ट मॉर्गनने २००५ च्या नाइट स्टॉकर सिरियलसाठी लिहिलेली, ती सिरियल बंद पडली आणि गोष्ट तशीच राहिली होती.

कल्पना सांगतो कारण ती कळल्याने काही बिघडत नाही. माणसाने चावल्यामुळे एक राक्षस माणूस होतो. झालं, सकाळी उठल्यावर त्याला अचानक कपडे हवे असं वाटायला लागतं, नोकरी हवी, ती मोबाईलच्या दुकानात मिळते, मग रिटायरमेंटची काळजी लागते, खोटं बोलायला येतं. रिस डार्बी हे सगळं इतक्या कळवळून सांगतो की आपल्यालाच आपली लाज वाटते. मोटेलमधला सीन सोडू नका, मल्डर स्कलीचे मुद्दे स्वतःच मांडतो आणि स्वतःच खोडतो, तिला तोंड उघडायला जागाच ठेवत नाही.

शेवटचा द लॉस्ट आर्ट ऑफ फोरहेड स्वेट, अकरावा सीझन, चौथा एपिसोड, जानेवारी २०१८. रेजी नावाचा माणूस येऊन म्हणतो एक्स-फाइल्स मी सुरू केली होती, तुमच्या आठवणीतून मला पुसून टाकलंय, आणि मग जुन्या सीनमध्ये त्याला घुसवलेलं दिसतं. म्हणूनच आधी जुने एपिसोड बघायचे. खरं सांगायचं तर मधला राजकारणाचा भाग मला जरा ढोबळ वाटतो, त्या वेळच्या बातम्यांना चिकटलेला, पण शेवटचा सीन, स्कली समोर ठेवलेला खाऊ खायचा की नाही ते ठरवते तो, आठातल्या कुठल्याही सीनच्या बरोबरीने उभा राहतो.

सगळे मूळ आवाजात बघा, सबटायटल लावून. मॉर्गनचे विनोद नट अजिबात न हसता, सपाट बोलतात, डबिंगमध्ये ते मरतात. एका रात्रीत दोनाच्या वर नको, कारण त्याची युक्ती कळायला लागली की पुढचा एपिसोड पातळ वाटतो, त्यात त्या एपिसोडचा दोष नसतो. आणि आठही संपल्यावर हात शिवशिवत असतील तर चौथ्या सीझनचा विसावा, स्मॉल पोटेटोज, लावा. लिहिलाय विन्स गिलिगनने, तोच ज्याने पुढे ब्रेकिंग बॅड केली, पण त्यातला तो पराभूत, लठ्ठसा एडी व्हॅन ब्लंट आहे ना, तो डॅरिन मॉर्गन आहे, या वेळी रबरी सूटशिवाय.